बाई म्हटलं आणि वर्ग सुटला

परदेशात पाऊल ठेवल्याच्या तिसऱ्या दिवशी मी एक चालू वर्ग सोडून दिला. वर्ग माझा नव्हता, तिथली भाषा मला येत नव्हती आणि मला कोणी बोलावलंही नव्हतं. मी फक्त दार उघडून एक शब्द उच्चारला. त्याबरोबर चौदा मोठी माणसं उठली, वह्या मिटल्या, खुर्च्या आत सरकवल्या आणि एकेक करून माझ्याकडे पाहून अदबीने हसत बाहेर पडली. त्यांत एक बसचालक होता, एक शिवणकाम करणारी बाई होती, सत्तरीचे एक घड्याळजी होते. जाताना प्रत्येक जण मला "बाय, सर" म्हणाला. मी सर आहे हे यांना कसं कळलं, याचं मला त्या क्षणी थोडं कौतुकही वाटलं.

वर्गात उरले तिघे. फळ्याजवळ हातात मार्कर घेतलेली माझी बायको, दारात तिचा चष्मा घेऊन उभा असलेला मी, आणि सगळ्यांत मागच्या खुर्चीवर, मांडीवर फाइल ठेवून बसलेले तपासनीस. त्यांनी घड्याळ पाहिलं आणि फाइलमध्ये काहीतरी लिहिलं. ओळ मोठी होती.

हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच. पण हे घडलं कसं हे कळायला आमच्या घरातला एक शब्द समजून घ्यावा लागेल.

मी आणि माझी बायको सत्तावीस वर्षं एकाच शाळेत होतो. ती इंग्रजीला, मी चित्रकलेला. शाळेत शिकवणारी प्रत्येक स्त्री ही बाई आणि प्रत्येक पुरुष हा सर, त्यामुळे मी तिला बाई म्हणायचो आणि ती मला सर. मग आमचं लग्न झालं. आता एकमेकांना काय म्हणायचं यावर विचार करू असं ठरलं, पण सकाळची शाळा, दुपारची शाळा, वह्या, परीक्षा यांत ते राहून गेलं, आणि तोवर मुलगी पहिलीत गेली. नवीन शेजाऱ्यांना बरेच दिवस वाटायचं की आम्ही घरात शिकवणी चालवतो.

तर मी तिला हाक मारतो ती "बाई" अशी. आणि घाईत मारली की शेवटची "ई" माझ्या घशातच राहते. उरतं ते "बाय". आपल्या गावात यावाचून काही अडलं नव्हतं. पण इंग्रजीच्या वर्गाच्या दारात उभं राहून एखाद्या पुरुषाने खणखणीत आवाजात "बाय" म्हणावं, आणि तेही नेमकं त्याच सकाळी...

त्या सकाळी धडा होता निरोपाचा. आपल्याकडे "निघतो" हे गप्पांचं मध्यंतर असतं. "बरं, येतो" म्हणून माणूस उठतो, दारापर्यंत जातो, एक पाय चपलेत घालतो आणि मग मुलीच्या स्थळाचा विषय काढतो. बाईला इथे आल्यावर कळलं की या बाबतीत जग एक आहे. तिचे विद्यार्थीही टेलिफोनवर निरोप घ्यायला लागले की वीस मिनिटं घेत. नोकरीच्या मुलाखतीतून उठले तरी दारात रेंगाळत. म्हणून ती दोन दिवस त्यांच्याकडून एकच गोष्ट घोटून घेत होती. बाय ऐकू आलं, की हसायचं, बाय म्हणायचं आणि चालू पडायचं. त्यात संस्थेची घंटा बिघडलेली. तास सुरू होतानाच तिने सांगून ठेवलं होतं, आज घंटा होणार नाही, बाय म्हटलं की तास संपला.

कोणी म्हटलं की, हे सांगायचं तेवढं राहिलं होतं.

तपासनीस उठले. आवाज कोरडा, पण माणूस सभ्य. त्यांनी सांगितलं की पूर्ण तास पाहिल्याशिवाय शेरा देता येत नाही, आज बावीस मिनिटंच पाहायला मिळाली, तर शुक्रवारी पुन्हा येतो. "जरूर या," बाई म्हणाली, जणू घरी चहाला बोलावत होती.

मी चष्मा पुढे केला. तिने तो घेतला नाही. दुसरा चष्मा तिच्या डोक्यावर होता.

आता या तपासणीवर काय अवलंबून होतं तेही सांगतो. चार वर्षांपूर्वी, वयाच्या बावन्नाव्या वर्षी, बाईने एका सकाळी चहाचा कप खाली ठेवता ठेवता मला सांगितलं की तिने परदेशात एका संस्थेत अर्ज केला होता आणि तो मंजूर झाला आहे. कामकरी माणसांना इंग्रजी शिकवायचं. करार दोन वर्षांचा. मला वाटलं, सहा महिन्यांत येईल परत. सहा महिन्यांनी तिने मला तिथलं वेळापत्रक पाठवलं, दोन वर्षांनी कराराची नवी प्रत. मी इकडे भात करायला शिकलो, मग वरण, आणि त्यानंतर शिकण्याची उमेद उरली नाही. यंदा मी निवृत्त झालो. तिचा दुसरा करारही या महिनाअखेरीस संपत होता. शेरा चांगला आला तर तो वाढणार. वाईट आला तर हा वर्गच बंद, त्या चौदा जणांना कानाला यंत्रं लावून शिकवणाऱ्या मोठ्या खोलीत बसवणार, आणि बाई घरी.

आणि मी आलो होतो तो तिला घरी न्यायला. हे मी तिला बोललो नव्हतो. योग्य वेळ पाहून बोलणार होतो. तर वेळ यायच्या आधीच मी तिचा वर्ग रिकामा करून ठेवला.

त्याच दिवशी, म्हणजे सोमवारी, संध्याकाळी मुलीचा फोन आला. आईने तिला सगळं हसत हसत सांगितलेलं. मला फोनवर बोलावून ती म्हणाली, "बाबा, खरं सांगा. मुद्दाम केलंत ना?"

मी शपथ घेतली. पण चोराच्या मनात चांदणं असतं म्हणतात, माझ्या मनात त्या दिवशी पौर्णिमा होती.

मला वाटलं होतं बाई चिडेल, निदान काळजीत पडेल. मंगळवारी सकाळी ती साडेपाचला उठली, चहा केला, कपड्यांना इस्त्री केली आणि बाहेर पडली. मीही निघालो. तिने अट घातली, दहा पावलं मागे चालायचं आणि तोंड उघडायचं नाही. गावात असताना ती साडीत हळूहळू चालायची असा माझा समज होता. इथे पँट, कोट आणि पाठीला पिशवी अशी ती रस्ता ओलांडायची तेव्हा दिवा हिरवा व्हायची वाट दिवाच बघत असेल असं वाटायचं. कोपऱ्यावरचा पेपरवाला तिला पाहून सरळ उभा राहिला आणि इंग्रजीत म्हणाला की आज हवा छान आहे. बाई थांबली, आकाशाकडे पाहिलं आणि म्हणाली, नाही, ढग आहेत. त्याने वर पाहिलं आणि वाक्य दुरुस्त केलं. मग ती पुढे निघाली.

ही तिची पद्धत. खोटं वाक्य चालत नाही. आमच्या शाळेतही तिचं यावरून वाजलं होतं. पुस्तकात होतं, राम आंबा खातो. बाईने शिक्षकांच्या खोलीत विचारलं होतं, कोणता राम, कोणता आंबा, आणि नोव्हेंबरात आंबा कुठला. मुख्याध्यापक म्हणाले होते, बाई, ते व्याकरणासाठी आहे. ती म्हणाली होती, मुलं व्याकरणासाठी बोलत नाहीत, सांगायचं असतं म्हणून बोलतात. इथे तिला अडवायला मुख्याध्यापक नव्हते. तिच्या वर्गात ज्याला मांजर नाही त्याने माझं मांजर काळं आहे असं म्हटलेलं चालत नाही. आधी मांजर पाळ, मग वाक्य कर.

दुपारी आम्ही बसच्या डेपोत गेलो. तिथे चालकांची विश्रांतीची खोली आहे. एका भिंतीला हातमोजे टांगलेले, एका टेबलावर चहाचं यंत्र, मधे तेलकट बाकं. तिथे ती आठवड्यातून दोनदा तास घेते. आपला तो वर्गातला बसचालकही तिथे होता. दणकट माणूस, मनगट माझ्या पोटरीएवढं. बाईने प्रत्येकाला काल बसमध्ये खरोखर काय झालं ते एका वाक्यात सांगायला लावलं. एक म्हणाला, एक आजी छत्री विसरली. दुसरा म्हणाला, मी एक थांबा विसरलो. बाकीचे हसले, तेव्हा त्याने इंग्रजीतच सांगितलं की लोक मात्र हसले नाहीत, ओरडले. भूतकाळाचं रूप चुकलं होतं, पण ओरडण्याचा आवाज इतका हुबेहूब काढला की बाईने ते आधी पूर्ण होऊ दिलं.

माझ्याकडे पाहून तो चालक त्यांच्या भाषेत बाईला काहीतरी म्हणाला. मी विचारलं काय म्हणाला. ती म्हणाली, विचारतोय हे आजही बाय म्हणणार आहेत का, म्हणजे जेवण लवकर काढतो.

बुधवारी मी वर्गाच्या बाहेरच्या बाकावर बसलो. संस्था दुसऱ्या मजल्यावर आहे, खाली विजेच्या सामानाचं दुकान. जिना चढला की एक लांब पडवी, तिच्यात एकाआड एक दारं आणि एक कॉफीचं यंत्र. यंत्राला नाणं टाकलं की ते कॉफी देतं आणि दुसरं टाकलं की कप देतं. हा क्रम समजेपर्यंत माझी एक कॉफी जाळीतून खाली गेली. त्या दुःखात असताना आतून आवाज ऐकू आला.

"गुड मॉर्निंग, बाई."

चौदा तोंडांनी. मला वाटलं भास झाला. इथे शिक्षकांना सरळ नावाने हाक मारायची पद्धत आहे, आणि ती बाईला चार वर्षं टोचत होती. तिला नावाने फक्त तिची आई हाक मारायची, तीही रागावली की. पण घड्याळजींनी तिला मंगळवारी विचारलं होतं की त्या दिवशी दारातला माणूस नेमकं काय म्हणाला. बाईने सांगितलं. आमच्या भाषेत शिकवणारीला बाई म्हणतात, आणि तो माझा नवरा आहे. यावर शिवणकामवालीने विचारलं की नवरासुद्धा तुम्हाला शिक्षिका म्हणतो का. बाई म्हणाली, हो, त्याला अजून शिकायचं आहे.

तर वर्गाने ते उचललं. बाईने मग त्यावरच अर्धा तास घेतला. बाय एका झटक्यात, दार लावल्यासारखं. बाई दोन पावलांत, पायरी उतरल्यासारखं. चौदा जण बाय बाई, बाई बाय करत होते आणि मी बाहेर कोरडा कप हातात घेऊन बसलो होतो. सत्तावीस वर्षं जी "ई" मी खाल्ली, ती शिवणकामवाली इतकी लांबवर नेत होती की खालच्या दुकानातला माणूस वर बघून गेला.

तास सुटल्यावर ही शिवणकामवाली माझ्याशेजारी येऊन बसली. चाळिशीची, बोटाला अंगुस्तान लावल्याची खूण. जपून, एकेक शब्द उचलून, तिने मला सांगितलं की ती कारखान्यात शर्टाची फक्त कॉलर शिवते. सोळा वर्षं कॉलर. पुढच्या महिन्यात तिची बोलण्याची परीक्षा आहे. पास झाली तर तिला कापड बेतायच्या टेबलावर घेतील, जिथे गिऱ्हाइकाशी इंग्रजीत बोलावं लागतं. तिने आधी ती यंत्रांची खोली करून पाहिली होती. "यंत्र विचारतं, मी उत्तर देते," ती म्हणाली, "पण यंत्राला माझं उत्तर नको असतं."

मग तिने विचारलं, शुक्रवारी चांगलं होईल ना. मी म्हटलं, होईल. हे मी इंग्रजीत म्हटलं आणि काळ चुकवला. तिने तो दुरुस्त केला.

त्या दुपारी घरी आल्यावर मला स्वस्थ बसवेना. घर म्हणजे दोन खोल्या, एक खिडकी रस्त्याकडे, एक दुसऱ्याच्या खिडकीकडे. टेबल एकच. त्याच्या अर्ध्या भागात जेवण आणि अर्ध्या भागात वह्या, आणि मधली सीमारेषा वह्यांच्या बाजूने रोज सरकते. मला कळत नव्हतं मला काय हवं आहे. शेरा वाईट आला तर मी जिंकलो होतो. फक्त तिचं काम माझ्या हातून गेलेलं असतं. आणि गावी जाऊन आयुष्यभर ती काही बोलली नसती, तेच वाईट. भांडणारी बायको परवडते. न बोलता वरणाला फोडणी देणारी परवडत नाही.

म्हणून गुरुवारी मी ठरवलं की आपण केलेलं आपणच निस्तरायचं. ती तासाला गेली तेव्हा मी टेबलाच्या जेवणाच्या बाजूला बसून संस्थेच्या प्रमुखांना इंग्रजीत अर्ज लिहिला. शाळेत रजेचे अर्ज लिहून हात तयार होता. सुरुवात नेहमीची, की मी अत्यंत नम्रतेने विनंतीपूर्वक कळवतो. पुढे लिहिलं की सोमवारी मी माझ्या पत्नीला बोलावलं आणि तिचा वर्ग पळून गेला, यात पत्नीचा दोष नाही, मी लहानपणापासून असाच बोलतो. तरी उदार मनाने क्षमा करावी आणि उपकृत करावं. खाली सही आणि चित्रकला शिक्षक, निवृत्त. सहीच्या बाजूला जागा उरली म्हणून एक छोटं दार काढलं.

हे पाकीट मी संध्याकाळी तिच्यापुढे ठेवलं, उद्या देऊन टाक म्हणून. तिने कागद बाहेर काढला, पिशवीतलं लाल पेन काढलं आणि वाचायला बसली. मला वाटलं सही करतेय. दहा मिनिटांनी कागद परत आला. एकोणीस ठिकाणी लाल. पळून गेला याच्या खाली दुहेरी रेघ आणि शेजारी, "पळाला नाही, चालत गेला." सगळ्यात खाली दहापैकी चार.

"चार?" मी म्हटलं.

"एक दाराचा," ती म्हणाली.

मग तिने मला समोर बसवलं आणि सांगितलं की उद्या शुक्रवारी मी वर्गात यायचं आहे. दाराबाहेर नाही, आत. मी म्हटलं, आणखी घोळ होईल. ती म्हणाली की सोमवारी जे झालं ते या चौदा जणांच्या आयुष्यात गेल्या महिन्यात इंग्रजीत झालेली एकमेव खरी गोष्ट आहे, आणि ती फुकट घालवायला मी काही वेडी नाही. तपासनिसांनी सोमवारच्या कागदावर काय लिहिलं होतं ते तिने पाहिलं होतं. लिहिलं होतं की विद्यार्थी शिस्तबद्ध आहेत, पण आपणहून बोलताना दिसले नाहीत. बाई म्हणाली, बरोबर आहे. बोलायला काही नव्हतं, आता आहे.

ती निवांत झोपली. मला झोपेत सगळीकडे "ई" दिसत होती.

शुक्रवारी मला फळ्याच्या बाजूला, वर्गाकडे तोंड करून, खुर्चीवर बसवण्यात आलं. समोर चौदा जण, मागे तपासनीस आणि त्यांची फाइल. आरोपीच्या पिंजऱ्याला निदान कठडा असतो. बाईने फळ्यावर काही लिहिलं नाही, पुस्तक उघडलं नाही. तिने एवढंच सांगितलं, हा माणूस सोमवारी आला होता, तुम्हाला जे खरोखर जाणून घ्यायचं असेल ते याला विचारा. आणि मला सांगितलं, उत्तर खरं हवं आणि पूर्ण वाक्यात हवं. मग ती खिडकीपाशी जाऊन उभी राहिली. पुढचा पाऊण तास ती मोजून चार-पाच वेळा बोलली.

पहिला प्रश्न घड्याळजींचा. त्यांनी विचारलं की मी घरून कधी आलो. "आय ॲम कम सॅटर्डे," मी म्हटलं.

"केम," घड्याळजी हळूच म्हणाले, एखाद्या घड्याळाचा काटा किंचित मागे सारावा तसं. मी म्हटलं, केम. त्यांनी मान डोलावली.

वर्गात इस्पितळात काम करणारे दोघे होते, त्यांतल्या एकाने विचारलं की मी चष्मा घेऊन का आलो, दुसरा तर डोक्यावर होता. मी म्हटलं, बाईच्या डोक्याकडे बघायची मला सवय नाही, मी सत्तावीस वर्षं तिच्या भुवयांकडे बघत आलो. हे बनवायला मला तीन वाक्यं लागली आणि त्यातल्या दोन दुरुस्त्या वर्गाने केल्या. पण हसले सगळे, आणि मागे तपासनिसांचं पेन थांबलं.

शिवणकामवालीने विचारलं की बायकोला नावाने का हाक मारत नाही. मी म्हटलं, शाळा. सवय. सत्तावीस वर्षं.

"पूर्ण वाक्य," ती म्हणाली. बाईच्याच आवाजात. बाईने खिडकीतून वळूनही पाहिलं नाही.

प्रश्न वाढत गेले. एकाला जेवणाचं जाणून घ्यायचं होतं, एकाला शाळेचं. दोघे जण माझ्या उत्तरावर आपसात इंग्रजीत वाद घालायला लागले की नवऱ्याने हाक मारणं ही चूक म्हणायची की अपघात. घड्याळजींचं मत पडलं की दार वाजवलं नाही ती चूक, आवाज गेला तो अपघात. हे वाक्य इतकं सुंदर झालं की ते स्वतःच चकित होऊन खाली बसले.

आणि मग बसचालक उठला. बाकीचे बसूनच विचारत होते, हा उठला. त्याने विचारलं, "तुम्हाला वर्ग जायला हवा होता का?"

मी म्हटलं, नाही, मला वर्ग जायला नको होता. पूर्ण वाक्य.

"तुम्हाला बाई जायला हवी होती का?"

कोणी सांगितलं होतं त्याला? कोणीच नाही. वर्षानुवर्षं बस चालवणाऱ्याला मागच्या थांब्यावर कोण कशासाठी उभं आहे हे आरशात दिसतं, एवढंच. आपल्या भाषेत या प्रश्नाला माझ्याकडे दहा उत्तरं होती. तसं काही नाही. अगदीच तसं नाही. वेळ आली की ठरवू. हा काय विषय आहे का. त्यातलं सगळ्यांत जुनं आणि भरवशाचं मी इंग्रजीत आणलं. बघू. "लेट अस सी."

"हे उत्तर नाही," खिडकीपाशी उभी असलेली बाई म्हणाली. "हो किंवा नाही. आणि खरं."

ती आता माझ्याकडे पाहत होती. चार वर्षांत पहिल्यांदा हा प्रश्न आमच्या दोघांमध्ये मोठ्याने विचारला गेला होता, आणि तो तिसऱ्याच भाषेतल्या माणसाने विचारला होता.

"हो," मी म्हटलं. "मी तिला घरी न्यायला आलो."

शिवणकामवालीने हातातली पेन्सिल खाली ठेवली. चालक उभाच होता. त्याने विचारलं, "आणि आता?"

मी त्या चौदा चेहऱ्यांकडे पाहिलं. मी आयुष्यभर चित्रकला शिकवली. पाठीमागे बसून कंटाळलेले चेहरे मला कागद न बघता काढता येतात. हे तसले नव्हते. प्रत्येकाला पुढचा शब्द हवा होता. माझा.

"आता नाही," मी म्हटलं.

"पूर्ण वाक्य," चौदाही जण एकदम म्हणाले.

ते मी केलं. मला तिला घरी न्यायचं नाही. नकार योग्य जागी पडला, क्रियापदही. कोणाला दुरुस्त करायला काही सापडलं नाही.

मागून खुर्ची सरकली. तपासनिसांनी विचारलं, मी एक प्रश्न विचारू का. बाईने हाताने विचारा अशी खूण केली. त्यांनी चालकाला विचारलं, तुमच्या शिक्षिका खरंच गेल्या असत्या तर तुम्ही काय केलं असतं.

हे वाक्य मोठं अवघड. जर तर, झालं असतं, केलं असतं. बाई हे रूप पुढच्या महिन्यात शिकवणार होती. चालकाने छताकडे पाहिलं. मग त्याने ते रूप सरळ बाजूला सारलं.

"मी बाईच्या मागे जाईन," तो म्हणाला. "माझ्याकडे बस आहे."

तपासनीस हसले नाहीत, पण त्यांनी फाइल मिटली. तास संपायला अजून दहा मिनिटं होती. ती दहा मिनिटं ते फाइल मिटूनच बसले होते, आणि जाताना त्यांनी बाईशी हस्तांदोलन केलं. माझ्याशीही. मला म्हणाले की तुमच्यासारखं शिकवण्याचं साधन आमच्या यादीत नाही.

घरी येताना ती माझ्याबरोबर चालली. दहा पावलांची अट कधी सुटली ते कळलं नाही. मी वाट पाहत होतो की ती आता विषय काढेल. चार वर्षं, घरी न्यायला, हे सगळं. तिने शिवणकामवालीच्या परीक्षेचा विषय काढला. मग म्हणाली की घड्याळजींचं ते वाक्य तिने लिहून ठेवलं आहे. मग भाजीवाल्यापाशी थांबून तिने टोमॅटो दाबून पाहिले आणि म्हणाली, "तुम्ही खरं बोललात ते बरं केलंत. मला केव्हाचं माहीत होतं."

"मग विचारलं का नाहीस?"

"तुम्हाला वाक्य येत नव्हतं," ती म्हणाली, आणि टोमॅटो परत ठेवले.

शनिवारी सकाळी संस्थेने तिला बोलावलं. मी गेलो नाही. घरी बसून तांदूळ निवडले, जे निवडलेलेच होते, आणि मनाशी एक छोटं भाषण तयार केलं. शेरा चांगला येणार हे मला कळत होतं. आपण आता मोठ्या मनाचं व्हायचं. करार दोन वर्षांचा, म्हणजे साठीच्या आत घरी. गावच्या घराला भाडेकरू बघता येईल, मुलीला सुट्टीत इकडेच बोलावता येईल, मी एखादा चित्रकलेचा वर्ग बघेन. खिडकीतून समोरच्या खिडकीतला माणूस दिसत होता, त्याच्यासमोर मी ते भाषण एकदा म्हणूनही पाहिलं. त्याने पडदा ओढून घेतला.

ती अकराला आली. पिशवीतून भाजी काढली, वह्या काढल्या, आणि त्यांच्या मधून एक लांब पाकीट टेबलावर वह्यांच्या बाजूला ठेवलं. उघडून दाखवलं नाही. चेहऱ्यावरून काही कळायचं नाव नाही. तो तसाही कधी कळला नव्हता. तिने चहा घेतला, खुर्ची ओढली, लाल पेन काढलं आणि पहिली वही उघडली.

मी घसा साफ केला. वर्गात उभा असल्यासारखा उभा राहिलो. सांगितलं की मी नीट विचार केला आहे. तिचं काम मी पाहिलं, ते काम सोडून यायला मी तिला कधीही सांगणार नाही. मी इथेच राहतो. भात माझ्याकडे, वरण माझ्याकडे. आणि दोन वर्षं म्हणजे काय मोठीशी, बघता बघता निघून जातील.

बाईने एका चुकीखाली रेघ मारली, शेजारी बरोबर शब्द लिहिला, पान उलटलं आणि वर न बघता म्हणाली,

"दोन नाही, तीन मागून घेतलीत मी."